समलैंगिकता पाप आहे का, यावर ख्रिस्ती लोकांचं एकमत का होत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. माझ्या धाकट्या भावाने (वय २६) महिन्यापूर्वी घरी सांगितलं की तो समलिंगी आहे. आमचे पाळकसाहेब म्हणाले, हे पाप आहे, शास्त्रात स्पष्ट लिहिलंय. भाऊ म्हणतो, परदेशात कितीतरी चर्चमध्ये अशा जोडप्यांची लग्नं लागतात, तेही ख्रिस्तीच आहेत. दोघंही बायबलच दाखवतात. खरं कोणाचं धरायचं? आईने तर जेवणच टाकलंय."

ताई, सलाम.

तुमच्या पत्रातल्या एका लहानशा शब्दापासून सुरुवात करतो. पाळकसाहेब म्हणाले, "हे पाप आहे." हे म्हणजे काय? भावाने काही केलं असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. आपण कसे आहोत, एवढंच त्याने सांगितलं. ओढ वेगळी आणि कृती वेगळी, पण आपल्याकडे दोन्ही एकाच पोत्यात भरतात आणि मग पोत्यालाच काठ्या मारत बसतात. मी २८ वर्षं पाळकीय सेवा केली, निम्मी खेड्यांतल्या मंडळ्यांत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, आणि निम्मी शहरात. नंतर काही वर्षं सेवेसाठी शिकणाऱ्या मुलांना नवा करार शिकवला. या विषयावर व्यासपीठावरून बोलण्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके आले. दार लावून बोलण्याचे मात्र पुष्कळ आले.

ओढ आणि कृती यांतला फरक हा काही आधुनिक लोकांनी काढलेला पळवाटीचा मुद्दा नव्हे. रोमन कॅथलिक चर्चचा १९९२चा धर्मशिक्षणग्रंथ घ्या. कृतीबद्दल त्याची भाषा कडक आहे, तिला कोणत्याही परिस्थितीत मान्यता नाही. १९९७च्या सुधारित आवृत्तीपासून ओढीलाही तो "विस्कळीत" म्हणतो, आणि हा शब्द अनेकांना लागतो. पण ओढ असणं म्हणजे पाप करणं, असं तो म्हणत नाही. उलट अशा माणसांना आदराने, कळवळ्याने वागवावं आणि त्यांच्याशी अन्यायाने भेदभाव करू नये, असं त्याच जागी लिहिलं आहे. प्रोटेस्टंटांत याबाबत एकसूर नाही. कॅल्व्हिनला मानणाऱ्या कडक "रिफॉर्म्ड" परंपरेचे काही लोक ओढीलाही पश्चात्तापाचाच विषय मानतात. बाकीचे म्हणतात, मोह प्रभूलाही झाला होता, मोह म्हणजे पाप नव्हे. म्हणजे जे "पाप आहे" म्हणतात त्यांच्यातही नेमकं काय पाप आहे यावर दोन तट आहेत. तुमच्या पाळकसाहेबांना पहिला प्रश्न हाच विचारा. पुष्कळदा त्यांनी स्वतःही तो स्वतःला विचारलेला नसतो.

आता शास्त्राकडे. या विषयावर थेट बोलणारी वचनं अख्ख्या बायबलमध्ये जेमतेम अर्धा डझन भरतात. पैशाबद्दल किती आहेत ते मोजत बसलो तर दुपार जाईल. पण थोडी आहेत म्हणून ती हलकी होत नाहीत. ती वाचायचीच.

एका रविवारी संध्याकाळच्या उपासनेनंतर एक बाई माझ्या खोलीत आल्या. मुलगा बंगळूरला नोकरीला. त्यांनी पिशवीतून बायबल काढलं. काळं कव्हर, कडा झिजलेल्या, आत खुणेला कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा तुकडा. जुन्या करारातल्या लेवीय या नियमांच्या पुस्तकाचा विसावा अध्याय उघडला. तेराव्या वचनाखाली निळ्या बॉलपेनने दोनदा रेघ मारलेली, इतकी दाबून की पानाच्या पाठीला वळ उमटला होता. "साहेब, इथे जिवे मारावं असं लिहिलंय. माझ्या पोराला." मी बोट थोडं वर नेलं. नववं वचन: बापाला किंवा आईला शिव्याशाप देणाऱ्यालाही तीच शिक्षा. दहावं: व्यभिचार करणाऱ्या दोघांनाही तीच. त्या म्हणाल्या, "ते तेव्हाचं झालं." मग तेरावं केव्हाचं, हे मी विचारलं नाही. त्या बराच वेळ पानाकडे बघत राहिल्या आणि मग बायबल मिटलं.

पण इथे घाई करू नका. तुमच्या भावाच्या वयाची मुलं मोबाइलवर एक युक्तिवाद वाचून येतात: लेवीयच्या अकराव्या अध्यायात खवले आणि पर नसलेलं पाण्यातलं काहीही वर्ज्य आहे, म्हणजे कोळंबीसुद्धा. मग वसईत नाताळला काय करायचं? टाळी मिळते, पण मुद्दा तकलादू आहे. खाण्यापिण्याचे नियम नव्या करारात नावानिशी मोकळे झाले. शरीरसंबंधांच्या नियमांचं तसं झालं नाही. लेवीयच्या अठराव्या अध्यायात पुरुष-पुरुष संबंधांच्या आगेमागेच सख्ख्या नात्यातले संबंध आणि मुलांचा बळी यांचीही मनाई आहे, आणि ती आजही कुणी सोडायला तयार नाही. परंपरावादी म्हणतात, लेवीयला कोळंबीच्या पंक्तीत बसवू नका. त्यांचं हे म्हणणं मला रास्त वाटतं. दुसरी बाजू विचारते, मग शिक्षा तेवढी गाळून मनाई तेवढी कुठल्या चाळणीने ठेवली? हेही रास्तच आहे.

देवाने आग आणि गंधक पाडून नष्ट केलेल्या सदोम गावाच्या गोष्टीवर फार वेळ घालवत नाही. उत्पत्तीच्या १९व्या अध्यायात गावचे पुरुष पाहुण्यांवर सामूहिक बलात्कार करायला येतात. दोन माणसांनी राजीखुशीने सोबत राहण्याशी त्याचा काय संबंध? यहेज्केल संदेष्टा (१६:४९) तर सदोमाचं पाप सांगताना गर्व, पोटभर अन्न, सुस्त सुख आणि गरिबांना हात न देणं हे मोजतो. पुढच्या ओळीत "अमंगळ कृत्य" हा शब्द येतो आणि परंपरावादी त्यावर बोट ठेवतात. असो. आज गंभीर अभ्यासक, कोणत्याही बाजूचे असोत, आपला मुख्य डाव सदोमावर लावत नाहीत. व्यासपीठावरून मात्र अजूनही तोच पहिला येतो, कारण त्यात आग आणि गंधक आहे.

खरा मल्लयुद्धाचा आखाडा म्हणजे १ करिंथ ६:९, प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन. पौल तिथे देवाच्या राज्याचे वारस न होणाऱ्यांची यादी देतो आणि त्या यादीत दोन ग्रीक शब्द शेजारीशेजारी येतात: मालाकोई आणि आर्सेनोकोइताई. पहिल्याचा साधा अर्थ "मऊ". योहान बाप्तिस्मा करणाऱ्याबद्दल बोलताना येशू विचारतो की तुम्ही मऊ वस्त्रं घातलेल्या माणसाला पाहायला गेला होता काय (मत्तय ११:८), तिथे हाच शब्द आहे. माणसाला लावला की तो चैनी, हिंमत नसलेला, बायकी, किंवा पुरुषाखाली निजणारा, असे सगळे अर्थ घेऊ शकतो. दुसरा शब्द पौलाच्या आधी कुठेही सापडत नाही. आर्सेन म्हणजे पुरुष, कोइते म्हणजे बिछाना. हे दोन्ही शब्द लेवीय २०:१३च्या जुन्या ग्रीक भाषांतरात जवळजवळ खेटून येतात. म्हणून पुष्कळांना वाटतं, आणि मलाही वाटतं, की पौलाने किंवा त्याच्या आधीच्या ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनी तिथूनच हा शब्द जुळवला. गंमत अशी की आपल्या जुन्या मराठी भाषांतरात १ तीमथ्य १:१० मध्ये याच शब्दासाठी "पुंमैथुनी" असा शब्द आला आहे. पुं आणि मैथुन. ग्रीक शब्द जसा जोडून बनला तसाच तोही जोडून बनला आहे. भाषांतरकार बहाद्दर होते. त्यांनी स्वतःचा अर्थ घुसवला नाही, सांधा जसाच्या तसा उचलून ठेवला.

इंग्रजीत मात्र भानगड झाली. जुन्या किंग जेम्स बायबलने दोन शब्दांची दोन भाषांतरं केली होती. ल्यूथरच्या जर्मन बायबलात दुसऱ्या शब्दाला "मुलग्यांना भ्रष्ट करणारे" या अर्थाचा शब्द आहे. मग १९४६ साली रिवाइज्ड स्टँडर्ड व्हर्शनच्या नव्या करारात दोन्ही शब्द एकत्र करून त्या जागी "होमोसेक्शुअल्स" घातलं गेलं. हा शब्दच मुळात १८६९ साली जर्मनमध्ये छापला गेला. पहिल्या शतकातल्या यादीत १९व्या शतकातला शब्द शिरला, आणि तोही कृतीचा नव्हे, माणसाच्या प्रकाराचा. करिंथच्या मंडळीतला कुणी तो वाचून गोंधळला असता. १९७१च्या आवृत्तीत तो बदलला, नंतरच्या भाषांतरांनी आणखी वेगळे पर्याय घेतले, पण तोवर एक पिढी तो शब्द पाठ करून बसली होती. आपल्याकडचे इंग्रजी शिकलेले पाळक त्याच पिढीची पुस्तकं वाचून तयार झाले. घरी मराठी पवित्र शास्त्राच्या दोन-तीन वेगवेगळ्या आवृत्त्या असतील तर हे एकच वचन शेजारीशेजारी ठेवून वाचा. एका वाक्याचे किती रंग होतात ते दिसेल.

त्या शब्दाचा रोख कुणावर, हा पुढचा प्रश्न. रोमी जगात पुरुष-पुरुष संबंध डोळ्यांसमोर येत ते बहुतेक गुलाम पोरांशी, किशोरवयीन मुलांशी किंवा वेश्यांशी. मालक वर, गुलाम खाली. म्हणून समर्थक बाजू म्हणते की पौल शोषणाला पाप म्हणतो, दोन बरोबरीच्या माणसांच्या निष्ठेला नाही, कारण तशी निष्ठा त्याच्या नजरेसमोर नव्हतीच. प्रतिवाद असा की प्लेटोच्या काळापासून ग्रीक जगात पुरुषांमधल्या टिकाऊ प्रेमाची चर्चा होत आली होती, आणि पौल काही खेडवळ नव्हता.

या प्रतिवादाचं वजन रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात वाढतं. तिथे २६व्या वचनात स्त्रियांचाही उल्लेख आहे. शोषण हेच कारण धरलं तर स्त्रियांच्या बाबतीत ते बसवताना फार ओढाताण होते. शिवाय तिथे "एकमेकांविषयी" कामातुर झाले असं आहे, म्हणजे एकतर्फी जबरदस्ती नव्हे. समर्थक सांगतात की पौल तिथे मूर्तिपूजेचं फळ वर्णन करतोय. ज्याने उभ्या जन्मात मूर्तीला हात जोडले नाहीत, संडे स्कूलमध्ये वाढला, त्याचं हे वर्णन कसं? आणि "निसर्गाविरुद्ध" हा पौलाचा शब्द फार ताणू नका, कारण त्याच पत्राच्या ११:२४ मध्ये देवच रानटी जैतुनाची डहाळी "निसर्गाविरुद्ध" चांगल्या झाडाला कलम करतो. करिंथकरांना तर तो सांगतो की पुरुषाने केस वाढवणं लाजिरवाणं आहे हे निसर्गच शिकवतो. हे मुद्दे चांगले आहेत. पण वर्गात मुलांनी मला खोदून विचारलं की सर, तुमचं काय मत, तेव्हा मी खरं सांगायचो: आजचं समलिंगी लग्न पौलाला दाखवलं असतं तर त्याने मान डोलावली असती असं मला वाटत नाही. "बायबल याबद्दल काही म्हणतच नाही" असं सांगणारा व्हिडिओ तुमच्या भावाने पाहिला असेल, तर तो त्याला सोपं करून सांगितलेलं विकतोय.

पण मी तिथे थांबत नसे. पौलाने पहिल्या अध्यायात ही सगळी यादी कशासाठी रचली? वाचणारा यहुदी ख्रिस्ती "बरोबर, बरोबर" म्हणत मान हलवत असतानाच दुसऱ्या अध्यायाचं पहिलं वचन येतं: दुसऱ्याला दोषी ठरवणाऱ्या मनुष्या, तुला सबब नाही. सापळा होता तो. आपले प्रवचनकार पहिल्या अध्यायाच्या शेवटी पुस्तक मिटतात आणि सापळा तसाच राहतो, बहुधा आत पाय अडकलेल्यासकट.

इथवर वचनांचा वाद झाला. पण माझ्या मते ख्रिस्ती मंडळ्या खऱ्या फुटतात त्या वेगळ्याच ठिकाणी. समजा वचन "नाही" म्हणतंय. मग पवित्र आत्म्याच्या चालवण्याने मंडळी पुढे "होय" म्हणू शकते का? हा प्रश्न ग्रीक कोशातून सुटत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत दहाव्या ते पंधराव्या अध्यायापर्यंत हेच नाटक चाललं आहे. येशूचा शिष्य पेत्र याला उघड लिहिलेलं ठाऊक होतं की परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, कसं वागायचं. पण कर्नेल्य नावाच्या परराष्ट्रीयाच्या घरी आत्मा उतरलेला त्याने डोळ्यांनी पाहिला आणि मग यरुशलेमेत सभा भरवून शास्त्र पुन्हा वाचावं लागलं. समर्थकांचं सर्वांत भक्कम म्हणणं हे आहे: आम्ही या मुलांमध्ये आत्म्याची फळं पाहतो, प्रीती, शांती, सहनशीलता. मग आम्ही देवाला अडवणारे कोण? परंपरावादी उत्तर देतात की त्याच सभेने परराष्ट्रीयांना सुंतेपासून मोकळं केलं, पण जारकर्मापासून दूर राहा हे त्याच पत्रात बजावलं. दार उघडलं, पण उंबरा ठेवला.

अमेरिकेतले रिचर्ड हेज हे नव्या कराराचे मोठे अभ्यासक. १९९६ साली त्यांनी परंपरेच्या बाजूने लिहिलं, आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं जगभरचे पाळक त्यांचा हवाला देत राहिले. मीही दिला. २०२४ साली त्यांनी आपल्या मुलाबरोबर पुस्तक काढून सांगितलं की माझी चूक झाली. पुढच्या जानेवारीत ते गेले. लक्षात घेण्यासारखं हे की त्या पाच-सहा वचनांचा नवा अर्थ त्यांनी काढलाच नाही. देवाची दया शास्त्रभर रुंदावत जाते, तीच इथेही रुंदावते, एवढाच त्यांचा मुद्दा. काहींना हे मोठं मन वाटलं, काहींना वाटलं म्हाताऱ्याने शेवटी हात टेकले. मला काय वाटलं म्हणाल, तर वाद नेमका कुठे आहे हे त्यांनी उघड केलं.

मंडळीने पूर्वी कधी असा "नाही"चा "होय" केला आहे का? केला आहे. व्याज घेणं शतकानुशतकं पाप होतं, आज चर्चच्या मुदतठेवी बँकेत असतात. पण मला सर्वांत बोलकं वाटतं ते बहुपत्नीत्वाचं उदाहरण. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परिवारातल्या, बिशपांच्या लँबेथ परिषदेने १८८८ साली ठरवलं की एकाहून जास्त बायका असलेल्या पुरुषाला बाप्तिस्मा द्यायचा नाही. मग बाप्तिस्मा हवा म्हणून आफ्रिकेत पुरुष दुसऱ्या-तिसऱ्या बायकांना घराबाहेर काढू लागले. त्या बायकापोरांचं काय झालं, ते कुणी उपासनेच्या नोंदवहीत लिहून ठेवलं नाही. बरोबर १०० वर्षांनी, १९८८ साली, त्याच परिषदेने वाट काढली: नवी बायको करणार नाही असं वचन दिलं तर अशा माणसाला बायकामुलांसह मंडळीत घ्यावं, आणि बायकांना सोडायची सक्ती त्याच्यावर करू नये. विवाहाची शिकवण तीच राहिली. फक्त ती पाळताना कोण चिरडलं जातंय हे दिसलं. परंपरावादी इथे सांगतात की ही सवलत होती, आशीर्वाद नव्हता, आणि एकपत्नीत्वाकडे शास्त्राचा कल तरी होता. समलिंगी नात्याकडे तो कल कुठे दाखवता? या प्रश्नाला समर्थकांचं जे उत्तर आहे ते मला अजून पुरतं पटलेलं नाही. आणि त्याच परंपरावाद्यांना घटस्फोटितांच्या पुनर्विवाहाबद्दल विचारलं, ज्यावर मार्कच्या दहाव्या अध्यायात खुद्द येशू स्पष्ट बोलला आहे, तर त्यांचा आवाज एकदम मऊ होतो, हेही मी पाहिलं आहे.

कोणतं चर्च कुठे उभं आहे याची जंत्री देत नाही. एक-दोन ठिकाणं पुरेत. १९९८च्या लँबेथ परिषदेने ५२६ विरुद्ध ७० मतांनी ठराव केला की समलिंगी आचरण शास्त्राशी जुळत नाही. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. त्याच ठरावात, समलिंगी व्यक्तींचे अनुभव ऐकून घेण्याची बांधिलकीही आहे, ते कलम कुणी वाचत नाही. अमेरिकेत मुळं असलेल्या युनायटेड मेथोडिस्ट चर्चने १९७२ साली आपल्या नियमपुस्तकात "ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत" हे शब्द घातले आणि २०२४ साली शार्लट शहरात काढले. मधल्या भांडणात अमेरिकेतल्या सुमारे ७,६०० मंडळ्या, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा, बाहेर पडल्या. आपल्याकडची मेथोडिस्ट चर्च इन इंडिया १९८१पासून स्वायत्त आहे, त्यामुळे शार्लटचा ठराव मुंबईला लागू होत नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचंही तसंच: अँग्लिकन परिवारात आहे, पण इंग्लंडातल्या कँटरबरीच्या आर्चबिशपांच्या हुकमाखाली नाही. कॅथलिकांत १८ डिसेंबर २०२३ला रोमने अशा जोडप्यांना विधीबाहेरचा साधा आशीर्वाद द्यायला परवानगी दिली, लग्नाची शिकवण न बदलता. महिना उलटायच्या आत आफ्रिकेतल्या बिशपांनी कळवलं, आमच्याकडे नाही. तेव्हा "परदेशातल्या चर्चमध्ये चालतं" हे तुमच्या भावाचं म्हणणं अर्धं खरं. स्वीडन परदेश आहे तसा नायजेरियाही परदेशच आहे, आणि आज जास्त ख्रिस्ती स्वीडनमध्ये नाहीत.

आपल्या देशात आणखी एक पदर आहे, कायद्याचा. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ हे इंग्रजांनी १८६०च्या दंडसंहितेत घातलेलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली ते सैल केलं, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत अपोस्टॉलिक चर्चेस अलायन्स आणि उत्कल ख्रिश्चन कौन्सिल या ख्रिस्ती संस्थाही होत्या. २०१३ साली ते कलम परत उभं राहिलं, तेव्हा मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस म्हणाले की कॅथलिक चर्चने समलिंगी माणसांना कधी गुन्हेगार मानलेलं नाही. लग्नाला मात्र त्यांचा विरोधच होता. नागपूरला मुख्यालय असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियानेही या विषयावर मंडळ्यांशी बोलायचं काम चालवलं आहे. ६ सप्टेंबर २०१८ला राजीखुशीचे प्रौढ संबंध गुन्हा राहिले नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे तुमचा भाऊ गुन्हेगार नाही, आणि त्याचं लग्न आपल्या कुठल्याही चर्चमध्ये कायद्याने नोंदलं जाऊ शकत नाही. पाप, गुन्हा आणि आजार हे तीन वेगळे शब्द आहेत. पहिल्यावर ख्रिस्ती लोकांत वाद आहे. दुसरा कोर्टाने मिटवला. तिसऱ्यावर डॉक्टरांचं उत्तर स्वच्छ आहे: हा आजार नाही.

म्हणून आता घरचं बोलतो, कारण आईने जेवण टाकलंय आणि तुम्ही बायबलचा तास घ्यायला लिहिलेलं नाही.

कुणीतरी म्हणेल, की म्हटलं असेलच एव्हाना, "लग्न लावून द्या, सगळं जागेवर येईल." हे करू नका. मी स्वतः असं एक लग्न लावलं आहे. मुलाने आदल्या रात्री माझ्याकडे येऊन सांगितलं होतं, आणि मी प्रार्थना करून, पाठीवर हात ठेवून त्याला परत पाठवलं. तीन वर्षांत ती मुलगी माहेरी आली, आणि मंडळीतल्या बायकांनी दोष तिलाच दिला. माझ्या सेवेत ज्या गोष्टी मी परत घेऊ शकत नाही त्यांत ही वरच्या नंबरावर आहे. या एका बाबतीत कोणत्याही बाजूच्या शहाण्या माणसाचं दुमत नसावं. परंपरावादी असाल तर विवाह पवित्र आहे, म्हणून त्याचा औषधासारखा वापर करू नका.

कुणी सुटकेच्या प्रार्थनेला न्यायला सांगेल, कुणी "बदलून देणाऱ्या" समुपदेशकाकडे. अमेरिकेत एक्झोडस इंटरनॅशनल नावाची संस्था १९७६पासून हेच काम करत होती. २०१३ साली तिच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागून ती बंद केली. आपल्याकडे नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ साली असे "उपचार" म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. प्रार्थना जरूर करा. पण माणसाला खोलीत कोंडून, उपाशी ठेवून, डोक्यावर पाच जणांचे हात दाबून जी करतात तिला मी प्रार्थना म्हणत नाही.

तुमचा भाऊ स्वतः काय मानतो, हे कुणी विचारलंय का? मला भेटलेल्यांपैकी काहींनी परंपरेची शिकवण मनापासून स्वीकारली आहे आणि ते ब्रह्मचारी राहतात. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे, आणि आपल्या मंडळ्यांबद्दल लाज. आपण त्यांना म्हणतो, "एकटा राहा," आणि मग दर रविवारी दारातच विचारतो, "काय मग, लाडू कधी?" युवक मेळावा म्हणजे वधूवर मेळाव्याची पहिली फेरी. सणाला एकट्या माणसाला कुणी जेवायला बोलवत नाही. कॅथलिकांकडे निदान एकटं राहण्याला मानाची जागा आहे, तरी खोलवर समलिंगी ओढ असलेल्यांना पुरोहितपदासाठी घेऊ नये, असं २००५ साली रोमनेच सांगितलं. ओझं द्यायचं असेल तर एक टोक आपणही उचलायला हवं. काही जण दुसऱ्या बाजूला गेले, जोडीदाराबरोबर राहतात, उपासनेला मागच्या बाकावर बसतात आणि प्रभुभोजनाच्या वेळी उठून बाहेर जातात. आणि बरेच जण चर्चच सोडून गेले. तुमचा भाऊ यांतला कोण होणार हे त्याच्या आणि प्रभूच्या मधलं आहे. पण सव्वीस वर्षांचा पोरगा घरी येऊन खरं बोलला, तेही आपल्या घरांमध्ये, ही लहान गोष्ट नाही.

आईला एवढंच सांगा की तिच्या हातून काही चुकलेलं नाही. बहुतेक आया मनात तेच चघळत असतात: गरोदरपणी काय झालं, लाडावला का, बापाने मारलं म्हणून का. शास्त्राचा अर्थ तिला लगेच लावायची गरज नाही. आज रात्री ताट वाढून भावालाही शेजारी बसवा.

पाळकसाहेबांकडे पुन्हा जायचं असेल तर भावाला विचारून जा, आणि त्याची तयारी असेल तर त्याला घेऊन जा. आणि एक कृपा करा. बुधवारच्या प्रार्थनासभेत विनंतीच्या चिठ्ठीवर त्याचं नाव लिहू नका, "एका भावासाठी, विशेष कारण" असंसुद्धा नको. आपल्याकडे बातमी पसरते ती तिथूनच.